लई आराम झाला

फिरण्याच्या बाबतीत आमच्या हिंगोली जिल्ह्याची परंपरा मोठी आहे. औंढा नागनाथाच्या देवळासमोर नामदेवांना कीर्तन करू दिलं नाही, ते मुकाट्यानं मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, ही कथा इथं शाळेत जायच्या आधीच पोरांना पाठ असते. कुणी शंका काढलीच तर नंदी कुठं आहे ते बघून या म्हणतात. बाकी ठिकाणी नंदी देवासमोर असतो, इथं तो मागं राहिलाय. काळ्या दगडाचं एवढं अवजड देऊळ एका अभंगासरशी फिरलं. त्याच औंढा तालुक्यात पोराच्या मनगटाएवढ्या जाडीचा एक लोखंडी दांडा काही केल्या फिरेना, आणि त्याच्याभोवती अर्धं गाव गोळा झालं.

दांडा आबांच्या ट्रॅक्टरमधला. गिअरबॉक्सचा वरचा मेनशाफ्ट.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचा ट्रॅक्टर जिल्ह्यापेक्षा वयानं मोठा आहे. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला; त्याआधी आम्ही सगळे परभणीत होतो. म्हणून ट्रॅक्टरच्या नंबरपाटीवर अजून परभणीचा एमएच-२२ आहे. नंतर गावात आलेली सगळी वाहनं एमएच-३८ ची, म्हणजे हिंगोलीची. आबांना याचा अभिमान आहे. जिल्हा फुटला, भावकी फुटली, ट्रॅक्टर आहे तिथंच आहे, असं ते सांगतात. शेवटचा भाग तर फारच खरा निघाला.

ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा, ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही. रंग लाल होता, तोही आता बराचसा आठवणीतच आहे. घरात पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा नवा ट्रॅक्टर आला आणि जुना पत्र्याच्या शेडमध्ये गेला. विकायला आबा तयार नव्हते. म्हातारा बैल बाजारात नेत नाहीत, गोठ्यात ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. बैलाला निदान वैरण टाकायला रोज कुणीतरी जातं, हे कुणी बोललं नाही. आबांनी ट्रॅक्टर जपून ठेवायचा म्हणजे अगदी जपून ठेवला. उताराला जाऊ नये म्हणून पहिल्या गिअरमध्ये घालून उभा केला. मागच्या चाकांना दगड लावले. सीटवर बारदान, बारदानावर प्लास्टिक, प्लास्टिकवर वीट. बॅटरी काढून नव्या ट्रॅक्टरला बसवली. आणि पोरांनी वर चढू नये म्हणून शेडच्या तोंडाला बाभळीची फांदी आडवी टाकली.

वर्षातून एकदा फांदी बाजूला व्हायची, खंडेनवमीला. हिंगोलीच्या दसऱ्याची परंपरा दीडशेहून जास्त वर्षांची सांगतात. तिथल्या मैदानात रावण जळतो तो दुसऱ्या दिवशी. आमच्याकडं आदल्या दिवशी औजारांची पूजा. विळा, कुऱ्हाड, पेरणीची पाभर, फवारणीचा पंप, सगळं धुऊन ओळीनं मांडायचं. जुन्या ट्रॅक्टरचा मान पहिला. आबा स्वतः मोटारीचा पाइप धरून त्याला आंघोळ घालायचे, बॉनेटपासून खालपर्यंत, जिथं जिथं चिखल असू शकतो तिथं आणि जिथं नसतो तिथंही. मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, आपट्याची पानं, नारळ. ट्रॅक्टर वर्षभर जागचा हललेला नसायचा, तरी त्याच्या चाकाखाली लिंबू ठेवलं जायचं. लिंबू पुढच्या वर्षीपर्यंत तसंच.

यंदा या जुन्या ट्रॅक्टरची गरज पडली ती हळदीमुळं. आमच्या भागात हळदीचं पीक म्हणजे घरातलं लग्न. वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. काढणी झाली की शिजवा, मग अंगणभर वाळत घाला, आणि खडखडीत वाळली की ढोलात घालून पॉलिश करा. ढोल फिरवायला ट्रॅक्टर लागतो. नवा ट्रॅक्टर नेमका त्याच दिवसांत नांगरटीला, भाड्याला, लग्नाच्या वऱ्हाडाला बांधलेला. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, शेडमध्ये एक उभाच आहे की. मागचा पीटीओ, म्हणजे यंत्रं फिरवायचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे देतो, ढोलाला तेवढं पुष्कळ.

बॅटरी आणून लावली. डिझेल बदललं, हवा काढली. आणि इंजिननं कमाल केली: दोन-चार वेळा खोकून चालू झालं. चिमणीतून कसलंसं घरटं उडालं आणि काळा धूर पत्र्यापर्यंत गेला. आबांनी डोळे पुसले. धुरानं की कशानं, ते विचारायची पद्धत नाही. मग त्यांनी क्लच सोडला आणि इंजिन गपकन बंद. पुन्हा चालू, पुन्हा क्लच सोडला, पुन्हा बंद. गिअरची दांडी तर जमिनीत पुरल्यासारखी घट्ट, पहिल्या गिअरमधून तिला बाहेर काढता येईना.

आता इथं थोडं विषयांतर करतो, कारण ते मला ट्रॅक्टरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. चालता ट्रॅक्टर गावातून जातो तेव्हा त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. फार तर बाजूला सरकतात. बंद पडलेल्या ट्रॅक्टरला मात्र अर्ध्या तासात मंडळी मिळते. आणि येणारा प्रत्येक जण निदान घेऊनच येतो. एक म्हणाला बॅटरी कमी पडली. दुसरा म्हणाला क्लचप्लेट. तिसऱ्यानं बाहेरची बाधा सुचवली, त्याला चौथ्यानं झापलं, मग स्वतः हळूच लिंबू मागवलं. एक निवृत्त गुरुजी येऊन बसले. त्यांचा मुद्दा असा की पूर्वीचं लोखंड वेगळं होतं. त्यांना कुणीच विरोध केला नाही, कारण हे लोखंडही पूर्वीचंच होतं. एक तरुण मोबाइलवर पंजाबातल्या कुठल्याशा मेकॅनिकचा व्हिडिओ लावून बसला. त्यातला ट्रॅक्टर निळा, भाषा पंजाबी, आणि मेकॅनिकच्या हाताला यश असं की तीन मिनिटांत गिअरबॉक्स उघडून बंद. मंडळी दिवसभर तेच बघत बसली. आमचा ट्रॅक्टर बाजूला उभा होता.

शेवटी हिंगोलीहून चाचांना बोलावलं. चाचांचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड आणि त्याखाली तेलानं काळी झालेली जमीन. ते मोटारसायकलवरून आले, हत्यारांची पिशवी उतरवली, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "मालक, चहा ठेवा. ह्यो आज होत न्हाई."

निदान करायची त्यांची रीत मला फार आवडली. त्यांनी कुणाला चूक म्हटलं नाही, नुसतं एकेकाला बाद करत गेले. इंजिन चालू करून क्लच दाबून धरला. इंजिन खुशाल चालत राहिलं. "प्लेट चिकटली असती तर क्लच दाबूनबी सुटली नसती. प्लेट साफ." क्लचवाला मागं सरला. मग मागच्या बाजूला जॅक लावून दोन्ही मोठी चाकं जमिनीपासून सोडवली आणि एक चाक हातानं पुढं ढकललं. पलीकडचं चाक सावकाश मागं फिरलं. हे मागं फिरलं तर ते पुढं. "बघा. ब्रेक जाम न्हाईत. मागचा डिफ्रन्शिअलबी मोकळाय. पण दोघं एका दिशेनं जाईनात, कामून की मधला दांडा धरून बसलाय." मंडळीत एकदम हशा पिकला. "आमच्या भावकीचंबी असंच हाय," कुणीतरी म्हणालं. चाचा हसले नाहीत. त्यांनी गिअरबॉक्सवर बोट ठेवलं. "हितं. ट्रॅक्टर फोडावा लागंल."

आबांचा चेहरा उतरला. फोडणं म्हणजे मोडणं नव्हे, दोन भाग करणं, हे त्यांना ठाऊक होतं; तरी आपल्या माणसाच्या ऑपरेशनला 'चिरणं' म्हटलेलं कुणाला आवडतं?

ट्रॅक्टरला चेसिस नसते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ट्रकचं सगळं सामान एका लोखंडी चौकटीवर ठेवलेलं असतं. ट्रॅक्टरचं तसं नाही. पुढं इंजिन, त्याला जोडून क्लचचं घर, त्याला गिअरबॉक्स, त्याला मागचा आस, असे ओतीव लोखंडाचे डबे एकापुढं एक बोल्टांनी आवळलेले असतात आणि तेच सगळा भार पेलतात. १९१७ साली हेन्री फोर्डनं फोर्डसन ट्रॅक्टर काढला तो असाच बिनचौकटीचा होता, आणि पुढं बहुतेकांनी तीच रीत उचलली. स्वस्त पडतं, मजबूत होतं, फक्त मधल्या डब्यातलं काही बिघडलं तर सगळा ट्रॅक्टर कमरेतून वेगळा करावा लागतो. चाचांनी पुढच्या आसाला दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोकल्या, नाहीतर पुढचा भाग सुटताच एका बाजूला कलंडतो. इंजिनखाली ओंडके, मागच्या भागाखाली जॅक, वर तिपाईला चेन-पुली. गोल फिरून बोल्ट काढले. मग चौघांनी मिळून पुढचा भाग हळूहळू ओढला आणि ट्रॅक्टरमधून सकाळचं ऊन आरपार दिसू लागलं.

त्याआधी तेल काढायचं होतं. खालचा नट सैल केला, घमेलं लावलं, आणि पहिल्यांदा आलं ते पाणी. स्वच्छ नव्हे, पण पाणीच. बराच वेळ पाणी. मग कुठं तपकिरी, दुधाळ, तेलासारखं काहीतरी. चाचांनी घमेल्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, आणि वर गिअरच्या दांडीकडं पाहिलं. तिच्या बुडाशी एक रबरी टोपी असते. ती चिरली होती. "पावसात ठुला व्हता का?"

"छे, शेडमध्ये," आबा म्हणाले. "पाण्याचा थेंब लागू दिला न्हाई."

"वरून धुता का?"

यावर कुणी काही बोललं नाही. आबांनी शेडच्या खांबाला अडकवलेल्या मागच्या दसऱ्याच्या हाराकडं पाहिलं. काकू दारातून म्हणाल्या, "दरसाली आंघोळ घालतेत. सणाला माणसालाबी इतकं पानी मिळत न्हाई." म्हणजे दर खंडेनवमीला मोटारीच्या पाइपातून निघालेलं पुण्य चिरलेल्या रबरातून थेट मेनशाफ्टवर ठिबकत होतं.

तरी सगळा दोष पाण्याचा नाही, हे चाचांनीच सांगितलं, बहुधा आबांकडं बघून. गिअरबॉक्समध्ये तेल असतं ते तळाशी. वरच्या शाफ्टला ते मिळतं कसं? खालचे गिअर फिरताना तेल वर उडवतात. फिरणं हेच तेल पोचवणं. ट्रॅक्टर उभा राहिला की वरचं तेल थेंबाथेंबानं खाली निथळतं आणि वरचा शाफ्ट कोरडा पडतो. शिवाय डब्याला हवा येण्याजाण्याला एक भोक ठेवलेलं असतं. उन्हाळ्यात आमच्याकडं पत्र्याखाली जी भट्टी पेटते तिनं आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री थंड होऊन बाहेरची आत येते, आणि पावसाळ्यात येते ती ओलावा घेऊनच. तो आत लोखंडाला लागतो. गंज लोखंडाच्या मूळ जागेपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, दुप्पट-तिप्पट आणि कधी त्याहूनही. शाफ्टवर गिअर सरकायला ज्या खाचा असतात तिथं दोन भागांत केसाएवढीसुद्धा फट ठेवलेली नसते. तेवढ्यात गंजानं बिऱ्हाड केलं की संपलं.

"म्हंजे झालं काय?" गुरुजींनी विचारलं.

"काय न्हाई झालं, गुरुजी. दात साबूत हायेत, शाफ्ट वाकला न्हाई. ह्याला लई आराम झाला."

मला हे वाक्य फार लागलं. चालवून-चालवून झिजलेल्या गोष्टी आपल्याला कळतात. त्यांची दयाही येते. पण जपून-जपून जाम झालेल्या गोष्टी घरात किती असतात! काकूंच्या ट्रंकेत एक पैठणी आहे, ती चांगल्या कार्याला नेसायची म्हणून ठेवली. कार्यं होऊन गेली, आता घडीवरच जर चिरत चाललीय. पाहुण्यांसाठीच्या कपबश्या पाहुणे येईपर्यंत कपाटातच राहिल्या आणि पाहुणे आले तेव्हा स्टीलच्या पेल्यांतून चहा झाला, कारण कपाटाचं दार उघडेना. जुन्या विहिरीवरचं इंजिन, आजोबांचं घड्याळ, माझ्या बहिणीची पेटी. ही सगळी वापरात असती तर कदाचित मोडली असती, पण पेटीचा सूर तरी लागला असता. उलट बाजूचं उदाहरणही आहे. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी १९५८ च्या ४ जानेवारीला दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसनचे शेतीचे ट्रॅक्टर घेऊन. जमिनीवरून गाडीनं ध्रुव गाठणारे ते पहिलेच. त्या ट्रॅक्टरांना पट्टे चढवले होते, बाकी शेतातलेच. आज आमच्या गावातला प्रत्येक ट्रॅक्टर मागं औजार उचलतो ती तीन जागी जोडायची हायड्रॉलिक युक्ती त्याच हॅरी फर्ग्युसनची. ध्रुवाच्या बर्फात, गोठत्या तेलात ते चालत राहिले. आमचा पत्र्याखाली, बारदानाखाली, विटेखाली जाम झाला.

गिअरबॉक्सचं वरचं झाकण उघडल्यावर चाचांनी घण उचलला नाही. डिझेल मागवलं, त्यात आपल्या बाटलीतलं काहीतरी मिसळलं, शाफ्टवर, बेअरिंगांवर, खाचांत सावकाश ओतलं, वर जुनी सुती चिंधी भिजवून गुंडाळली आणि म्हणाले, "ठुवा आता."

मंडळी खवळली. ठेवूनच तर हे झालं, आणि आता उपाय म्हणूनही ठेवायचं? चाचांनी फरक सांगितला: तेव्हा कोरडा ठेवला होता, आता भिजवून ठेवायचा. डिझेल पातळ असतं, गंजाच्या भेगांतून ते आपल्या पायांनी आत जातं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. घाई केली तर काय होतं तेही त्यांनी सांगितलं. शाफ्टच्या तोंडावर घण घातला की तोंड पसरतं, छत्री होते, आणि मग ते बेअरिंगच्या भोकातून बाहेर येतच नाही. दुखण्यापेक्षा औषधाचाच त्रास. म्हणून ठोकायचं तर मध्ये पितळेचा तुकडा धरायचा, पितळ मऊ, मार ते स्वतः खातं. आणि ठोकायचं ते पाडायला नाही, हादरवायला. थोडं इकडून, थोडं तिकडून, मग पुन्हा डिझेल, पुन्हा ठेवा.

पण 'ठेवा' हा शब्द प्रेक्षकांना मानवत नाही. चाचा जेवायला बसले की कुणीतरी गुपचूप घणाला हात घालायचं. शेवटी चाचांनी घण काकूंच्या ताब्यात दिला. काकूंनी तो ज्वारीच्या कणगीमागं ठेवला आणि मंडळींचा उत्साह तिथून पुढं तोंडापुरता राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी पितळेवर दोन ठोके घातले, कान लावला, पुन्हा ठोकलं आणि जाहीर केलं, "सूतभर हालला." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या आसपास. मी वाकून पाहिलं, मला काही हललेलं दिसेना. चाचांना मात्र कळलं होतं, आणि ते डोळ्यांनी कळलं नव्हतं. ठोक्याचा आवाज बदलला होता; आधी भरीव येत होता, आता जरा मोकळा.

मोजमापाच्या बाबतीत आमचा तालुका सध्या फार वर गेलाय, हे इथं नोंदवायला हवं. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात 'लायगो-इंडिया'ची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशातून एक लहर येते, तिनं या नळ्यांच्या लांबीत जो फरक पडतो तो लेसरनं मोजायचा. किती फरक? प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. जागा निवडताना इथली जमीन शांत आहे, फारशी थरथरत नाही, हेही पाहिलं होतं म्हणे. पाहणाऱ्यांनी तेव्हा चाचांना ठोकताना ऐकलं नसणार. एकाच तालुक्यात एकीकडं प्रोटॉनचा दहा हजारावा भाग आणि दुसरीकडं सूत, अर्धं सूत, पाव सूत, आणि त्याहून बारीक असलं तर 'जराक'. आबांच्या ट्रॅक्टरचं काम 'जराक'मध्ये चाललं होतं.

शेवटचं अडलं ते मागच्या बेअरिंगपाशी. चाचांनी गॅसची ज्योत लावली, पण शाफ्टला नाही, बाहेरच्या घराला. तापलं की लोखंड वाढतं, आणि भोकही त्याच्याबरोबर मोठं होतं. हे मला शाळेत शिकवलेलं होतं, खरं मात्र वाटलं नव्हतं. हिशेब असा: पोलादाची वाढ अंशाला लाखात सव्वाच्या आसपास. ४० मिलिमीटरचं भोक शंभर अंशांनी तापवलं तर ०.०५ मिलिमीटरनं मोठं होतं. केसाच्या जाडीहूनही कमी. तेवढंच हवं असतं. बाहेरचं घर तापलं, आतला शाफ्ट अजून गार, चाचांनी पितळ लावलं, पहिला ठोका, दुसरा, आणि शाफ्ट 'ठक' करून बारदानावर येऊन पडला. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. बाधावाल्यानं लिंबू उचललं.

बेअरिंग गेलेलंच होतं. त्याच्या कडेवर कोरलेला नंबर चाचांनी चिंधीनं पुसून वाचला: ६२०८. "चाळीसचं भोक," न मोजताच म्हणाले. शेवटचे दोन आकडे घ्यायचे आणि पाचनं गुणायचे. आठ पंचे चाळीस. ६२०५ असेल तर पंचवीस, ६२१० असेल तर पन्नास. जगभर कुठल्याही कंपनीचं घ्या, हाच हिशेब. मला एकदम हेवा वाटला. आपल्या आधार क्रमांकावरून आपल्याबद्दल कुणाला काही कळतं का? त्या बेअरिंगवरून मात्र हिंगोलीच्या दुकानदारानं फोनवर किंमतही सांगितली, आणि संध्याकाळच्या बसनं पुडकं आलं.

खाचांतला गंज चाचांच्या हाताखालच्या पोरानं तारेच्या ब्रशनं आणि बारीक पॉलिश कागदानं घासून काढला. यात सांगण्यासारखं काही नाही, कंटाळवाणं काम होतं आणि त्यानं ते नीट केलं.

नवं बेअरिंग चढवायची गोष्ट मात्र घरात अजून गाजतेय. गार बेअरिंग ठोकून बसवलं तर आतल्या गोळ्यांना मार बसतो. म्हणून ते तेलात तापवायचं, फुगलं की शाफ्टवर अलगद सरकवायचं. फार तापवायचं नाही, सव्वाशे अंशांच्या वर गेलं तर पोलादाचा कडकपणा जातो. "वहिनी, एक कढई द्या," चाचा म्हणाले. काकूंनी मोठ्या मनानं भज्यांची लोखंडी कढई दिली. त्यांना वाटलं चाचांनी भजी सांगितलीत. त्या बेसन भिजवायला आत गेल्या आणि बाहेर चुलीवर त्यांच्या कढईत गिअर ऑइल तापायला लागलं. काकू पीठ घेऊन आल्या तेव्हा कढईत बेअरिंग तळत होतं आणि चाचा चिमट्यानं ते उलटत होते. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "झालं की सांगा, चटणी देते."

बेअरिंग 'सुळ्ळ' करून शाफ्टवर गेलं, थंड झालं आणि तिथं बसलं. बाकीचं उलट क्रमानं: शाफ्ट आत, फोर्क जागेवर, झाकण, नवी रबरी टोपी, ट्रॅक्टरचे दोन भाग पुन्हा जोडायचे. या जोडण्यात अर्धा दिवस गेला, कारण गिअरबॉक्समधून येणारा दांडा क्लचप्लेटच्या खाचांत शिरत नव्हता आणि मंडळींतल्या प्रत्येकाला तो कुठं अडतोय हे दिसत होतं. शेवटी चाचांनी चेन-पुली एका कडीनं वर घेतली आणि दोन्ही डबे आपसूक भेटले. तेल नवं भरलं. आबांनी क्लच सोडला. ट्रॅक्टर पुढं सरकला आणि चाकाखालचं मागच्या दसऱ्याचं लिंबू चेंगरलं.

हळदीचा ढोल फिरला. पिवळी धूळ शेजारच्या गच्चीपर्यंत गेली, आणि शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धोतर हळदीचं झालं, त्यावरून थोडं वाजलं, पण ती वेगळी गोष्ट. तिसरा गिअर अजून मधूनच निसटतो. चाचा म्हणाले, स्प्रिंग कमजोर झालीय, पुढच्या वेळी बघू. तोवर दांडीला सुतळी बांधा. पैसे किती झाले हे आबांनी कुणाला सांगितलं नाही. भंगारवाल्यानं ट्रॅक्टरचे जेवढे देऊ केले होते त्याहून ते जास्त असावेत, असा माझा अंदाज आहे.

जाताना चाचांनी आबांना पथ्य सांगितलं. धुवायचं तर ओल्या फडक्यानं. उभा करायचा तर गिअरमध्ये नको, न्यूट्रलमध्ये करायचा आणि दगड लावायचे. आणि काम असो नसो, आठ दिवसांतून एकदा चालू करून, सगळे गिअर टाकून, निदान शिवारापर्यंत फिरवून आणायचा. नुसतं इंजिन चालवून भागत नाही, शाफ्ट फिरला पाहिजे.

आबांनी हे औषधासारखं पाळलंय. वार त्यांनी शनिवार निवडला. आमच्या घरापासून मारुतीचं देऊळ चालत गेलं तर विडी संपायच्या आत येतं. दर शनिवारी सकाळी आबा आंघोळ करून, टोपी घालून ट्रॅक्टरवर बसतात, पहिला, दुसरा, तिसरा (सुतळी धरून), असं करत देवळाला जातात, तेल वाहतात, रिव्हर्सचे दोन्ही गिअर टाकून बघतात आणि परत येतात. वाटेत गुरुजी चढतात. व्हिडिओवाला पोरगा आता आबांचाच व्हिडिओ काढतो. डिझेलचा भाव बघता मारुतीला दर शनिवारी नारळ फोडणं स्वस्त पडलं असतं, हे काकूंनी दोनदा सुचवून पाहिलं. ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांनीही धोरण बदललं. आता शनिवारी ट्रॅक्टर अंगणात गुरगुरायला लागला की त्या दारातून हाक मारतात, "निघालातच तर दळण घेऊन जा. अन् बारीक दळ म्हणावं, मागल्या खेपी भाकरी थापता येईना."